राखणीची नेमणूक

सुवार्ताबाईंचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्यांचा खराटा आहे. आषाढात त्यांच्या भाच्याचा पुण्याहून फोन आला, "मावशी गेली, झोपेतच गेली," तेव्हा मी पडवीत बसून त्याच खराट्याचे सैल झालेले हीर आवळत होतो. फोन ठेवला, आधी सुंभाची गाठ पक्की केली आणि मग रडलो. हा क्रम बाईंना पटला असता. काम आधी, बाकीचं मागाहून, असा त्यांचा खाक्या होता.

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. ख्रिस्ती घरांतून हे नाव ठेवतात. आमच्या वाडीला ते काही झेपलं नाही. बाई उपकेंद्रात नर्स होत्या, लसी टोचत घरोघर हिंडायच्या, आणि कुणाकडे पाळणा हलणार, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. तेव्हा वाडीने 'सु' गाळला आणि त्यांची 'वार्ताबाय' केली. खरं तर बाईंच्या पोटात गेलेली गोष्ट कधी ओठावर आली नाही. पण नाव पडलं ते पडलं.

राजापूरपासून एसटीने पाऊण तासावर आमची वाडी. वाडीच्या वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि सडा जिथे उतरायला लागतो तिथे 'मिशनची जागा'. एक कौलारू चर्च, मागे वीसएक थडग्यांची दफनभूमी, त्यामागे ऐन, किंजळ, सावर आणि जांभळींची दाट राई. राईत एका उंबराखाली झरा. वाडी पाणी प्यायची ती त्या झऱ्याचं. चर्चची माणसं म्हणाल तर सहा-सात घरं, त्यातली बहुतेक मुंबईला. पाळकसाहेब रत्नागिरीहून पंधरवड्याने एसटीने यायचे. एरवी चर्चची किल्ली, थडगी, राई आणि झरा हे सगळं बाईंकडे. मिशनच्या जागेला लागून माझी आंब्याची बाग. मी शाळेत क्लार्क होतो, निवृत्त झालो आणि कलमांच्या मागे लागलो. म्हणजे आम्ही शेजारी.

बाई बुटक्या होत्या, पण चालायच्या अशा की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघायच्या सवयीने. सकाळी कुंपणाशी दिसल्या की "सलाम, भाऊ!" ख्रिस्ती लोकांत असाच नमस्कार करतात. पहिल्यांदा मोहल्ल्यातल्या हुसेनचाचांना त्या "सलाम" म्हणाल्या तेव्हा चाचांनी "वालेकुम सलाम" करून मला हळूच विचारलं होतं, "भाऊ, बाय आमच्यात कवा आली?"

घड्याळाचा एक उपयोग मात्र मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नाही. दर रविवारी उपासना झाली की बाई झऱ्याशी जायच्या, धारेखाली कळशी धरायच्या आणि ती भरायला किती वेळ लागतो ते सेकंदकाट्यावर मोजायच्या. आकडा घरातल्या कॅलेंडरवर त्या त्या रविवारच्या चौकोनात. याला त्या 'झऱ्याची नाडी' म्हणत. कळशीला वेळ जास्त लागला की त्या दिवशी बाईंचा चहाही बिघडायचा.

प्रार्थना करायला लागल्या की थांबायच्या नाहीत. वाडीतले आजारी, बाळंतिणी, घाटातून गाडी आणणारा एसटीचा ड्रायव्हर, असं करत करत गाडी कातळावरच्या बेडकांपर्यंत यायची. पाळकसाहेबांना परतीची एसटी गाठायची असे. ते बेडकांपाशी खोकायला लागत. बाई डोळे मिटूनच म्हणत, "आणि आमच्या पाळकांच्या खोकल्यासाठीही, प्रभू."

कापणीच्या सणाला चर्चमध्ये जो तो आपल्या शेतातलं काही आणतो. कुणी भाताची लोंबी, कुणी भोपळा, कुणी सुरण. बाई दर वर्षी झऱ्याच्या पाण्याने भरलेला तांब्या आणून त्या भोपळ्यांच्या रांगेत ठेवायच्या. एकदा शांतवन पंचांनी, हे चर्चच्या कारभारातले मुख्य, मुंबईतून निवृत्त होऊन आलेले, हसून विचारलं, "बाई, हे पीक कुणी पेरलं?"

"तेच तर विचारायला आणलंय," बाई म्हणाल्या.

या शांतवन पंचांशी त्यांचं एक जुनं दुखणं होतं. पंचांनी आपल्या आईच्या थडग्यावर मुंबईहून आणलेली प्लास्टिकच्या फुलांची चक्री ठेवली होती. पावसाळ्यानंतर तिच्या चिंध्या झऱ्यापर्यंत पोचल्या. बाईंनी त्या सगळ्या वेचल्या, पिशवीत भरल्या आणि पंचांच्या घरी नेऊन दिल्या. "तुमचं सामान राहिलं होतं," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या थडग्यावर त्यांनी स्वतः अबोलीचं रोप लावलं. पंचांनी महिनाभर अबोला धरला. आम्ही वाडीतले म्हणत होतो, अबोली लावली, अबोला उगवला.

मलाही त्यांनी एकदा असंच सरळ केलं. कलमांभोवतीचं सुकं गवत जाळून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे पुढे वणवा आत येत नाही, ही आमच्याकडची रीत. एका जानेवारीत मी पट्टा जाळायला घेतला आणि वारा फिरला. आग कुंपण ओलांडून मिशनच्या राईत शिरली. मी ओरडायच्या आधी बाई ऐनाची डहाळी तोडून आग झोडपत होत्या. वाडी धावली, तासाभरात आग विझली. दोन जांभळी गेल्या, एक किंजळ अर्धी गेली. बाईंच्या पातळाचा काठ करपला होता. मी मान खाली घालून उभा. वाटलं, आता बोलतील. बोलल्या, पण इतकंच:

"भाऊ, उद्या सकाळी खराटा घेऊन या."

तेव्हापासून दर वर्षी पौष महिन्यात मी आणि बाई कुंपणाच्या कडेने पाला झाडून पट्टा मोकळा करायचो. काडी ओढायची नाही. झाडलेला पाला माझ्या कलमांच्या बुंध्याशी. जे काम जाळून अर्ध्या तासात व्हायचं त्याला चार सकाळी लागायच्या. मी कुरकुरलो की त्यांचं ठरलेलं भाषण होतं. सरकारी नोकरीत जन्म गेलेला, त्यामुळे त्यांचा देवसुद्धा ऑर्डर काढायचा.

"भाऊ, पहिल्या माणसाला देवानं बागेत कशाला ठेवलं? फळं खायला? नाही. मशागत करायला आणि राखण करायला. ही पहिली नेमणूक. हुद्दा राखणदार, ठिकाण बाग. बदली नाही, बढती नाही, निवृत्ती नाही."

"आणि पेन्शन?"

"ती वर."

आता या 'राखण' शब्दानेच पुढचा सगळा घोटाळा केला. आठ-नऊ वर्षांपूर्वी झऱ्याची नाडी फारच मंदावली. बाईंनी वाडीची माणसं उंबराखाली जमवली आणि कळकळीने सांगितलं, "या झऱ्याची इतकी वर्षं कुणी राखण केली नाही, म्हणून पाणी आटतंय. आता तरी राखण करायला हवी." बाईंच्या मनात होतं की वर गुरं सोडू नयेत, फांद्या तोडू नयेत, गवताला आग लावू नये. पण आमच्याकडे राखण म्हणजे जागेच्या राखणदाराला, तिथे वसणाऱ्या अदृश्य शक्तीला, वर्षाकाठी द्यायचा कोंबडा आणि नारळ. वाडीचे गावकर धाकूतात्या, सत्तरीचे, असले मान-रिवाज त्यांच्याच तोंडी असायचे. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. राखण चुकली की पाणी आटतं, हे त्यांना सांगायलाच नको होतं.

पुढच्या रविवारी उपासना सुटली. बाई कळशी घेऊन झऱ्याशी जातात तो धाकूतात्या दहा माणसं घेऊन उभे. हातात नारळ, आणि काखेत एक तांबडालाल कोंबडा.

"हे काय तात्या?"

"तुमीच बोल्लाव ना, राखण चुकली म्हनून? आनलाय कोंबडा. आता गाऱ्हाना घालतो, मग बगा पानी कसा येतो ता."

पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईंनी पुढे होऊन तो कोंबडा तात्यांच्या काखेतून काढून घेतला. "हा माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या, "आणि कोंबड्याऐवजी प्रत्येक घरचा एक माणूस मला एक सकाळ हवा." तो कोंबडा पुढे तीन वर्षं बाईंच्या घरामागच्या परड्यात पहाटे आरवत जगला. त्याचं नाव राखण्या. माणसंही आली. राईत चर खणले गेले, पाला साठू लागला, दोन पावसाळ्यांनी कळशी लवकर भरू लागली. पण श्रेय कुणाला गेलं? धाकूतात्यांनी गुपचूप कुंपणाबाहेर दुसरा कोंबडा दिला होता, आणि तो दर वर्षी देत राहिले. मिशनच्या जागेत राखणदार आहे आणि तो फार कडक आहे, असा बोलबाला झाला. एक लाकूडचोर राईत घसरून पाय मोडून बसला. बाई त्याला खपच्या बांधत होत्या आणि तो विव्हळत होता, "राखणदारान पाडलान, बाय."

"शेवाळानं पाडलं," बाई म्हणाल्या. त्याला पटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी चर्चचं छप्पर गळायला लागलं. वासे चांगले होते, कौलं गेली होती. शांतवन पंचांना एक चिरेखाणीचा ठेकेदार भेटला. झऱ्याच्या वरचा मिशनचा कातळ चिरे काढायला दिला तर तो चर्चवर नवीन पत्रे घालून वर एक हॉलही बांधून देणार होता. पंचांचं काही चुकत होतं असंही नाही. आईवडिलांनी जिथे लग्न केलं ते चर्च गळताना त्यांना बघवत नव्हतं. पण कातळ हा आमचा रांजण. पावसाचं पाणी तो पोटात धरतो आणि वर्षभर झिरपवतो. तो कापला की झरा संपला. बाई पंचांच्या घरी चार वेळा गेल्या. पंच म्हणाले, "बाई, बेडकांच्या डोक्यावर छप्पर लागत नाही. माणसांच्या लागतं." ठरलं. रविवारी उपासनेनंतर ठेकेदार माणसं आणि मशीन घेऊन येणार होता.

शनिवारी दिवेलागणीला धाकूतात्या माझ्या पडवीत आले. बाईंनाही बोलावून घेतलं. तात्या म्हणाले, "बाय, तुमी फकस्त गप ऱ्हवा. मशीनवाला आमच्याच पंचक्रोशीतला हाय. मी सांगतो, राखणदार परवानगी देत नाय. हात लावनार नाय तो. तेची काय टाप हाय!"

मला तर वाटलं, देवच पावला. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला खोटं बोलायचंही नाही. नुसतं गप्प बसायचंय."

बाईंनी घड्याळ मनगटावर फिरवलं, पुन्हा फिरवलं. "बघते," म्हणाल्या आणि उठल्या.

रविवारी सगळे झऱ्याशी जमले. पाळकसाहेब, पंच, ठेकेदार, निम्मी वाडी. वर कातळावर मशीन उभं. धाकूतात्यांनी उंबराकडे बघून हात जोडले आणि खणखणीत सांगितलं, राखणदाराची परवानगी नाही. मशीनवाल्याने चावी काढून खिशात टाकली. ठेकेदाराने त्याला दटावलं, समजावलं. तो ढिम्म. "साहेब, माझी पोरंबाळं हायत," म्हणाला. ठेकेदाराच्या तोंडचं पाणी पळालं आणि आमचं पाणी वाचलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

तेवढ्यात बाई पुढे आल्या.

"इथे राखणदार कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं इथे झाडते आहे. मला ठाऊक आहे."

मी त्यांचा पदर ओढायचाच बाकी ठेवला. तात्यांचा चेहरा उतरला. ठेकेदार मात्र खुलला. "बघा! बाई शिकलेल्या आहेत!"

बाई तात्यांकडे वळल्या. "तात्या, तुमचा अपमान करायचा नाही मला. पण आज हा भ्याला म्हणून थांबला. उद्या दुसरा कुणी येईल, म्हणेल दोन बकरे देतो, राखणदाराला कौल लावा. मग तुम्ही काय करणार? मान दिला की परवानगी द्यावी लागते, हे तुम्हीच मला सांगितलंत. भ्यायलेला माणूस राखत नाही हो, सौदा करतो. आणि खोट्याच्या आधारानं राखलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही." मग पंचांकडे बघून म्हणाल्या, "शांतवनभाऊ, राखण आपल्याला सांगितलीय. मला, तुम्हाला. दुसरा कुणी नेमलेलाच नाही. आता काय करायचं ते करा."

मग तात्यांनी विचारलं, "म्हंजे नर्सबाय, इतकी वर्सा आमचा कोंबडा खाल्लान कुनी?"

"तुम्हीच खाल्लात, तात्या. रश्शाबरोबर."

पहिले हसले ते पाळकसाहेब. मग सगळेच. तात्या हसले नाहीत. ते दोन पावलं चढून कातळाच्या कडेवर गेले, डोकीचं मुंडासं सोडून खाली अंथरलं आणि त्यावर बसले. "राखनदार नाय तर नाय," म्हणाले. "मग राखनीला आमाला बसाय होवा." त्यांची सून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग आणखी कुणी कुणी. मीही गेलो, गुडघे कुरकुरत होते तरी.

शांतवन पंच एकटे खाली उभे राहिले. रडकुंडीला आल्यासारखे म्हणाले, "आणि छप्पर? छप्पराचं काय?"

तात्या वरून ओरडले, "अवो पंचानू, जल्ली सगळ्या वाडीन घरांवर स्लॅब घातलान. जुनी कौला परड्यात पडून हत. किती होवीत बोला!"

त्या उन्हाळ्यात वाडीने चर्च शाकारलं. घराघरातली कौलं, वेगवेगळ्या कारखान्यांची, वेगवेगळ्या रंगांची. हुसेनचाचांकडची काळपट, माझ्याकडची लालभडक. छप्पर गोधडीसारखं दिसतं, पण गळत नाही. पंच स्वतः शिडी धरून उभे होते.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ठेकेदार रिकाम्या हाताने गेला नाही. मिशनच्या हद्दीपलीकडचा कातळ मुंबईच्या एका मालकाचा. आजवर राखणदाराच्या भीतीने तिकडेही कुणी फिरकत नव्हतं. भीती गेली, तशी दोन महिन्यांत तिथे खाण लागली. झरा वर्षभर वाहायचा, तो आता चैत्राअखेर थांबतो. वैशाखात वाडीला टँकर लागतो. मी एकदा रागाने बोलून गेलो, "बाई, त्या दिवशी गप्प बसला असतात तर ते मशीन तिकडेही आलं नसतं."

"नसतं आलं," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ, मला त्याचा रोज त्रास होतो. प्रभूला रोज विचारते. अजून उत्तर आलेलं नाही." आणि खराटा उचलून झाडायला लागल्या. मी बोललो त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या पौषात भाचा त्यांना न्यायला आला. गुडघे गेले होते, एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. निघायच्या सकाळी त्या म्हणाल्या, "भाऊ, झऱ्यापर्यंत चला." दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. कळशी धरली, घड्याळ बघितलं. आकडा मला सांगितला नाही. मग पिशवीतून एक कागद काढला. वर ठळक अक्षरात 'चार्ज यादी'. खाली: खराटा एक. कोयती एक. कळशी एक. किल्ली एक. झरा एक, आणि पुढे कंसात, चैत्राअखेरपर्यंत. तळाला 'दिला' म्हणून त्यांची सही. 'घेतला' समोरची जागा कोरी.

मी थट्टेवर न्यायला गेलो. "बाई, किल्ली पंचांना द्या. मी हिंदू माणूस, कोंबडा देणाऱ्यांतला. तुमच्या देवाच्या नेमणुकीवर माझं नाव कसं?"

"पहिला माणूस ख्रिस्ती होता असं तुम्हाला कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या. "किल्ली पंचांनाच दिलीय. ही कुंपणाच्या फाटकाची आहे. सही करा."

मी केली. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि, कधी नव्हे ते, माझ्या हातावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या.

गाडी निघाली तेव्हा वाडी रस्त्यावर उभी होती. धाकूतात्या होते, पंच होते, सगळ्यांचे डोळे ओले. बाई सरळ समोर बघत होत्या. गाडी मिशनच्या कुंपणाच्या कडेने वर चढली, वळणावर हळू झाली आणि थांबली. काच खाली आली, बाईंनी डोकं बाहेर काढलं. वाटलं, शेवटचा सलाम करतायत. मी हात वर केला.

"भाऊ!" त्या ओरडल्या, "सावरीखालचा पाला राहिलाय!"

गाडी वळणाआड गेली. माणसं डोळे पुसत घरी गेली. मी फाटक उघडून आत गेलो. सावरीखालचा पाला खरंच राहिला होता.